तेरा फुटांचं आभाळ

खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळाचा बहुतेकांनी पाहिलेला फोटो एकच असतो. कॅमेरा फरशीवर उताणा ठेवलेला, चहूबाजूंनी काळे खांब, आणि मधोमध गोल कापून काढावं तसं निळं आभाळ. फोटो छान येतो, पण त्यामुळे एक गैरसमज होतो. ते आभाळ वर टांगलेलं चित्र आहे असं वाटतं. खरं म्हणजे मंडपाच्या छतातल्या त्या गोल भोकातून वर्षभर काहीतरी खाली येत असतं: मे महिन्यात ऊन, श्रावणात पाऊस, कार्तिकात चंद्र. देऊळ समजून घ्यायचं तर वर बघत बसण्यापेक्षा फरशीकडे बघावं, म्हणजे काय येतं, कधी येतं आणि कुठे पडतं ते कळतं.

गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात, अगदी टोकाला. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथून कुरुंदवाड, मग उसाच्या फडांमधून जाणारा रस्ता. रस्ता संपतो तिथे नदी, आणि नदीपलीकडे कर्नाटक. त्यामुळे इथल्या बोलण्यात कानडी आहे, शिलालेखांतही कानडी आहे, आणि खुद्द देवाच्या गोष्टीतलं एक महत्त्वाचं पात्र पलीकडच्या राज्यात राहतं. त्याच्याकडे नंतर येऊ.

देऊळ बाराव्या शतकातलं, कोल्हापूर-पन्हाळ्याच्या शिलाहार राजांचं. गंडरादित्य आणि दुसरा भोज ही नावं त्याच्याशी जोडली जातात. शिलाहारांचं राज्य घेतलं देवगिरीच्या यादव सिंघणाने, आणि देवळाच्या दक्षिण दाराजवळ त्याच सिंघणाचा शके ११३६ चा, म्हणजे इ.स. १२१३-१४ चा लेख आहे. संस्कृत भाषा, देवनागरी लिपी. राज्य जिंकल्यावर देवाचं उत्पन्न तोडायचं नाही, उलट एक गाव तोडून द्यायचं, हा त्या काळचा शहाणपणा त्यात दिसतो. नव्या राजाला लोकांशी जुळवून घ्यायला देवाइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती.

आता रचना. देऊळ पूर्वाभिमुख आहे. पूर्वेकडून आत शिरलं की आधी ते भोक असलेला स्वर्गमंडप, मग बंदिस्त सभामंडप, मग अंतराळ, म्हणजे गाभाऱ्याआधीची लहान जागा, आणि शेवटी गर्भगृह. स्वर्गमंडपात ४८ खांब आहेत. सगळ्या देवळातले मिळून एकशे आठ, असं गावात सांगतात. बाहेरून पाहिलं तर खाली पीठ, म्हणजे जोतं, आणि त्यावर गजथर, म्हणजे देऊळ पाठीवर घेतलेल्या हत्तींची रांग. वर जंघेवर, म्हणजे भिंतीच्या मधल्या भागावर, देव, सुरसुंदरी (अप्सरा), अधूनमधून नक्षीचे कोनाडे. कित्येक हत्तींच्या सोंडा आणि मूर्तींचे चेहरे फुटलेले आहेत. हत्तीला सोंड नसेल तर नजर आपोआप पायांकडे जाते. घडवणाऱ्यांनी पायातले तोडे आणि गळ्यातल्या घंटांच्या माळा किती सावकाश कोरल्यात ते त्यामुळेच दिसतं. शिखर मात्र मूळचं नाही. दगडी काम छपराच्या पातळीपर्यंत, त्यावरचं वीट-चुन्याचं बांधकाम नंतरचं, आणि ते लगेच ओळखू येतं.

खांबांची एवढी दाटी का, हा प्रश्न आत गेल्यावर पहिला पडायला हवा. हौस हे त्याचं उत्तर नव्हे. काळा पाषाण दाबाला जबरदस्त टिकतो, पण वाकवायला गेलात तर पटकन तडकतो. दोन खांबांवर आडवी टाकलेली दगडी तुळई म्हणजे वाकवलेला दगडच. वरून वजन आलं की तिच्या खालच्या बाजूला ताण पडतो, आणि तडा नेहमी तिथूनच, साधारण मध्यावर, वर चढतो. म्हणून अंतर कमी ठेवायचं. अंतर कमी म्हणजे खांब जास्त. आणि इतके खांब उभे करायचेच आहेत तर ते देखणे तरी करू, इथून कारागिरी सुरू होते. एकाच खांबात खाली चौकोन, वर अष्टकोन, मग गोल, मग घंटेसारखा फुगवटा, त्यावर ताटलीसारखा पातळ थर, आणि डोक्यावर तुळया झेलणारे हात. गोल भाग चरकावर, म्हणजे लेथवर, धरून उतरवल्यासारखे आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांच्यावरच्या बारीक कंगोऱ्यांच्या सावल्या मोजता येतात, दुपारी त्याच जागी गुळगुळीत काळा दगड दिसतो. कोरीव काम पाहायचं असेल तर दहाच्या आत पोहोचावं, हे एवढ्यासाठीच.

स्वर्गमंडपाच्या मध्यभागी बारा खांबांचं वर्तुळ आहे आणि त्यावर ते प्रसिद्ध भोक. व्यास सुमारे १३ फूट. खाली फरशीत तेवढ्याच मापाची गोल शिळा. भोकाला टेकू कशाचाच नाही, तरी कडा आठशे वर्षं जागच्या जागी आहे. कारण हे छत कमानीचं नाही. दगडांचे गोल थर एकावर एक, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे सरकवलेला. एकेक दगड सुटा घेतला तर आत कोसळेल, पण वर्तुळ पूर्ण झालं की प्रत्येक दगडाला दोन्ही बाजूंचे शेजारी दाबून धरतात. गर्दीच्या एसटीत उभ्या माणसाला पडायला जागाच नसते, तसं. एरवी अशा छताच्या शेवटी मधोमध पद्मशिळा बसवतात, कमळाची, खाली लोंबणारी. लोकांना वाटतं की ती शिळाच छताला धरून ठेवते, पण ती फक्त झाकण आहे. ती न बसवताही खालचं वर्तुळ उभं राहतं, आणि खिद्रापूरला नेमकं तेच केलं आहे.

काही जण म्हणतात, काम अर्धवट राहिलं. शिखर पुरं झालं नाही तसं छतही. हे पटत नाही. अर्धवट कामाची कडा ओबडधोबड असते, आणि इथे ती नीट घडवून संपवली आहे. वर्तुळाला धरून आपापल्या वाहनांसह दिक्पाल बसवले आहेत, मोरावरचा कार्तिकेय आहे. पुढे झाकायच्या भोकाभोवती कोणी दिशांचे रक्षक बसवत नाही. शिवाय खालची शिळा. वर छत येणार असेल तर बरोबर तेवढ्याच मापाचा गोल खाली टाकायचं कारण काय? भोक मुद्दाम ठेवलेलं आहे. कशासाठी, हा वेगळा प्रश्न. होमाचा धूर जावा म्हणून, असं एक उत्तर गावात मिळतं. चंद्रासाठी, हे दुसरं.

त्या दुसऱ्या उत्तराकडे जाण्याआधी देवाची गोष्ट.

दक्षाने यज्ञ मांडला आणि जावयाला बोलावलं नाही. सती न बोलावता गेली, नंदीवर बसून. तिथे झालेला अपमान सहन न होऊन तिने यज्ञात उडी घेतली. शंकर कोपला. त्याला शांत करायला विष्णू आला. तो कोपलेला देव इथे कोपेश्वर झाला, आणि समजूत काढणारा विष्णू धोपेश्वर. गाभाऱ्यात दोन्ही लिंगरूपात आहेत. शिवाच्या गाभाऱ्यात विष्णू, तोही लिंग होऊन. देवळात नंदी नाही, कारण सती त्याला घेऊन गेली ती गेलीच. तो नंदी नदीपलीकडे यडूरला आहे, चिकोडी तालुक्यात. नंदी यडूरला आणि शंकर खिद्रापूरला, मध्ये कृष्णा आणि राज्याची हद्द.

या गोष्टीला कोणी लिहिला नसेल असा बारीक नकाशा आहे. यडूर हे वीरभद्राचं मोठं स्थान. आणि वीरभद्र कोण? शंकराच्या जटेतून निघून दक्षाचं डोकं उडवणारा. म्हणजे नदीच्या त्या काठाला यज्ञाचा विध्वंस, या काठाला नंतरचा राग आणि समजूत. दोन गावांनी मिळून एक पुराणकथा वाटून घेतली आहे. नुसतं खिद्रापूर पाहून परतणारे अर्धीच गोष्ट ऐकून जातात.

नावाची मात्र दुसरीही एक बाजू आहे, आणि ती अधिक भक्कम वाटते. इ.स. १०५४ मध्ये चोळ आणि कल्याणीचे चालुक्य यांची कोप्पम इथे मोठी लढाई झाली. चोळ राजा राजाधिराज हत्तीवर बसल्याजागी मारला गेला. हे कोप्पम म्हणजेच खिद्रापूर, असं काही इतिहासकार मानतात, काही ते कर्नाटकात दुसरीकडे नेतात. इथलं मानलं तर कोप्पमचा ईश्वर तो कोप्पेश्वर, आणि त्याचा कोपेश्वर व्हायला वेळ लागत नाही. मग राग आधी आणि नाव नंतर, असं राहत नाही. नाव आधी होतं, आणि नावातला कोप ऐकून कोणा रसिकाने दक्षयज्ञ इथे आणून बसवला. नंदी कधी बसवलाच नव्हता की नंतर गेला, हे देऊळ सांगत नाही, पण त्या रिकामपणाला इतकं नेमकं कारण सापडलं की आता नंदी आणून बसवला तर गावालाच चुकल्यासारखं वाटेल.

आता चंद्र.

त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री, बाराच्या सुमाराला, चंद्र स्वर्गमंडपाच्या भोकावर येतो आणि चांदणं खालच्या गोल शिळेवर पडतं. ते पाहायला अलीकडे मोठी गर्दी होते. सांगताना लोक म्हणतात, दरवर्षी बरोब्बर मधोमध. हे जवळपास खरं आहे. पण जवळपास म्हणजे किती, ते कळलं तर मजा वाढते.

पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोर असतो. सूर्य खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या वर आभाळात कल्पिलेल्या रेघेच्या) जितका दक्षिणेला, चंद्र साधारण तितका उत्तरेला. नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सूर्य १६-१७ अंश दक्षिणेला असतो. म्हणजे पौर्णिमेचा चंद्र १६-१७ अंश उत्तरेला. आणि खिद्रापूरचा अक्षांश? साधारण १६.६. एखाद्या गावाच्या अक्षांशाइतकाच चंद्र उत्तरेला असला की तो त्या गावाच्या थेट माथ्यावरून जातो. गणित एवढंच. हा मान एकट्या खिद्रापूरचा नाही. त्या रात्री कुरुंदवाडच्या एसटी स्टँडच्या माथ्यावरही चंद्र येतोच. तिथे दगडात कापलेला गोल नाही, म्हणून कोणी मान वर करत नाही.

वेळेचंही तसंच. चंद्र माथ्यावर येतो तो घड्याळातल्या बारा वाजता नव्हे, तर तिथल्या सूर्याच्या मध्यरात्री. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, खिद्रापूर आहे पावणेपंच्याहत्तरच्या जरा अलीकडे, म्हणून ३१ मिनिटं उशीर. नोव्हेंबरात सूर्य घड्याळाच्या सुमारे १६ मिनिटं पुढे असतो, तेवढी वजा. राहिली पंधरा मिनिटं. म्हणजे सव्वाबारा. त्यात पौर्णिमेचा नेमका क्षण संध्याकाळी होता की पहाटे आहे, यावर पाव-अर्धा तास इकडेतिकडे. साडेअकरापासून पाऊणपर्यंत जो जागेवर बसला, त्याचं काही चुकत नाही. बाराला फोटो काढून निघालेल्याचं चुकू शकतं.

गडबड होते ती दोन कारणांनी. पहिलं कारण अधिक महिना. अधिक महिना येऊन गेला की कार्तिकी पौर्णिमा नोव्हेंबरच्या शेवटी सरकते, सूर्य २०-२१ अंशांवर गेलेला असतो आणि चंद्रही तेवढाच उत्तरेला चढतो. दुसरं कारण चंद्राचं स्वतःचं. त्याची वाट सूर्याच्या वाटेला पाच अंशांनी तिरकी आहे, आणि ही तिरकी वाट १८.६ वर्षांत एक फेरी घेते. त्यामुळे काही वर्षं त्रिपुरी पौर्णिमेचा चंद्र पाच अंशांपर्यंत उत्तरेला, नऊएक वर्षांनी तेवढाच दक्षिणेला. सध्या तो उत्तरेला आहे. २०२४ आणि २०२५ ला तो माथ्याच्या चार ते सहा अंश उत्तरेकडून गेला. २०२६ मध्ये दोन्ही कारणं एकदम येतात: ज्येष्ठ अधिक, म्हणून पौर्णिमा २४ नोव्हेंबरला, शिवाय वाट उत्तरेकडे पुरती झुकलेली. त्या रात्री तो नऊ अंशांच्या वर बाजूला असेल.

नऊ अंश म्हणजे फरशीवर किती? भोकाच्या उंचीच्या दर दहा फुटांमागे एक अंशाला सुमारे दोन इंच. नऊ अंशांना दीड फुटाच्या वर. चंद्र उत्तरेला, म्हणून चांदण्याचा गोल शिळेवरून दक्षिणेकडे घसरलेला दिसेल. घसरलेला गोल पाहून निराश होण्यासारखं काही नाही. चंद्राच्या वाटेचा तिरकेपणा नुसत्या डोळ्याने दाखवणारं दुसरं साधन शोधून सांगा. ज्यांना मधोमधच हवा, त्यांनी पौर्णिमा नोव्हेंबरच्या पूर्वार्धात असलेलं वर्ष बघावं, आणि त्यातही ग्रहण जवळ असेल तर उत्तम. ग्रहण होतं तेव्हा चंद्राची तिरकी वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते, तिथे किंवा तिच्या अगदी जवळ चंद्र आलेला असतो. ८ नोव्हेंबर २०२२ च्या कार्तिकी पौर्णिमेला तसं होतं. भारतात तेव्हा चंद्र उगवला तोच ग्रहण लागलेला.

मग येतो पणत्यांचा प्रश्न, आणि तो नाजूक आहे. त्रिपुरी पौर्णिमा म्हणजे त्रिपुरासुराचा वध, म्हणजे दिवे लावायचेच. घरोघरी साडेसातशे पदरांची त्रिपुर वात तुपात भिजवून जाळतात, देवळात दीपमाळ उजळते, नदीला दिवे सोडतात. खिद्रापूरलाही पायऱ्यांपासून खांबांच्या पायथ्यापर्यंत पणत्या लागतात. सुंदर दिसतात. पण माथ्यावरच्या पूर्ण चंद्राचा जमिनीवरचा उजेड पाव लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप), फार तर जरा वर. एक पणती हातभर अंतरावर त्याच्या कितीतरी पट उजेड देते. शंभर पणत्यांमध्ये चांदणं शोधणं म्हणजे ढोल-ताशात बासरी ऐकणं. आणि वर कोणीतरी मोबाइलचा टॉर्च लावतोच. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एक टॉर्च ती एका सेकंदात मोडतो, आणि मंडपातल्या सगळ्यांची मोडतो.

उपाय साधा आहे. दीपोत्सव तिन्हीसांजेला करावा, पणत्यांत तेल मोजून घालावं. उभ्या वातीच्या लहान पणतीत दोन चमचे तेल तास-दीड तास चालतं, नंतर ती आपोआप शांत होते. काठोकाठ भरलेली पणती मध्यरात्रीपर्यंत जळत राहते आणि नेमकी चंद्राच्या वेळेला भर उजेडात असते. पणतीखाली ताटली किंवा केळीचं पान हवंच. दगडावर सांडलेलं तेल पुसून जात नाही. ते बारीक भेगांत शिरतं, त्यावर धूळ आणि काजळी बसते, आणि दोन-तीन वर्षांत खांबाच्या पायथ्याशी चिकट काळा पट्टा तयार होतो. मग कोणीतरी सोडा किंवा ॲसिड घेऊन तो घासायला बसतं, आणि कोरीव कामाची धार जाते ती कायमची. कोरलेल्या कोनाड्यात, मूर्तीच्या पायांवर दिवा ठेवू नये. ज्योतीच्या वर दगड तापतो, मागचा गार राहतो, आणि पापुद्रा सुटतो.

त्रिपुरीच्या आदल्या दिवशी वैकुंठ चतुर्दशी. हरिहरभेटीचा दिवस. एरवीचा नियम उलटतो: विष्णूला बेल, शंकराला तुळस. ज्या गाभाऱ्यात दोघं कायमचे शेजारी बसलेत तिथे हा दिवस खरं तर पौर्णिमेपेक्षा मोठा असायला हवा. पण गर्दी चंद्राची, चतुर्दशी बिचारी शांत. दर्शन निवांत हवं असेल त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि ज्यांना गोल शिळेवर बरोबर बसलेला उजेड पाहायचा आहे, त्यांच्यासाठी सगळ्यात खात्रीचा दिवस ना कार्तिकात आहे ना सणात. तो आहे मे महिन्याच्या ६-७ तारखेला, भर दुपारी साडेबाराच्या दोन-तीन मिनिटं अलीकडे. तेव्हा सूर्य इथल्या थेट माथ्यावर येतो. उभ्या काठीची सावली नाहीशी होते. चंद्रासारखी पाच अंशांची लहर सूर्याला नाही, अधिक महिनाही त्याला लागत नाही. त्यामुळे दरवर्षी त्याच तारखांना तेरा फुटांचं ऊन तेरा फुटांच्या दगडावर पडतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी तो पुन्हा माथ्यावर येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं. मेमध्ये मात्र उन्हाचा कडक गोल, भोवती काळोखे खांब, आणि माणूस नाही. पायाखाली फरशी इतकी तापलेली की अनवाणी उभं राहवत नाही. गोलाच्या बाहेर थांबावं. चार मिनिटांत उजेड एक अंश सरकतो. डोळा लावून पाहिलं तर कडा हलताना कळते.

कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. तिथे सूर्य मावळताना पश्चिमेच्या महाद्वारातून किरणं आत येतात, पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. तारखा ९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. वर्षातून दोनदा का? कारण जाताना आणि परत येताना सूर्य या दोन्ही वेळी दक्षिणेला जवळजवळ त्याच सतरा अंशांवर असतो आणि क्षितिजावर त्याच जागी मावळतो. आणि सूर्य सतरा अंश दक्षिणेला म्हणजे पौर्णिमेचा चंद्र सतरा अंश उत्तरेला, म्हणजे पुन्हा खिद्रापूरचा माथा. किरणोत्सवाच्या आठवड्यात पौर्णिमा आली तर तोच कोन एका देवळात संध्याकाळी आडवा आत शिरतो आणि दुसऱ्या देवळात मध्यरात्री उभा उतरतो. हे कोणी ठरवून केलं असं म्हणायला आधार नाही. पण एवढं खरं की किरणोत्सवाला जे नडतं ते खिद्रापूरला नडत नाही. क्षितिजाजवळची किरणं फार लांबून, धुळीतून, धुरातून, दमट हवेतून येतात. रस्त्यावर कोणी मजला चढवला, एखादी केबल किंवा फलक आडवा आला, की देवीच्या मुखापर्यंत पोहोचायच्या आधीच ती अडतात. माथ्यावरच्या चंद्राला आडवं येणार फक्त ढग, आणि नोव्हेंबरात समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की ते येतातच.

श्रावणात गावाचं लक्ष आभाळापेक्षा नदीकडे. सोमवारी दर्शनाला लोक येतात, पावसाची सर आली की ती भोकातून गोल शिळेवर सरळ कोसळते, आणि खांबांमागे कोरडे उभे राहून ती बघता येते. पण वरच्या धरणांतून पाणी सुटलं आणि कृष्णेला फुगवटा आला की दर्शन कसलं. २००५, २०१९, २०२१: शिरोळ तालुक्यातल्या माणसाला ही वर्षं पाठ आहेत. पाणी आलं म्हणून अशा देवळाचं लगेच काही बिघडत नाही. पाषाण पाणी पीत नाही, आणि सांधे मुळात सुकेच बसवलेले. खरं नुकसान मागे राहणाऱ्या गाळाने होतं. सांध्यांत, कोरीव कामाच्या खाचांत बसलेला बारीक गाळ ओला आहे तोवर साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने निघतो. एकदा सुकला की त्यात बी रुजतं, मूळ फटीत शिरतं, आणि पिंपळाचं मूळ दगडाला विचारत नाही. म्हणून पूर ओसरला की पहिले चार-आठ दिवस महत्त्वाचे. घाईने जोराचा पाण्याचा फवारा मारणं किंवा उघड्या सांध्यांत सिमेंट भरणं, दोन्ही घातक. सिमेंट दगडापेक्षा हट्टी असतं. आत अडकलेलं पाणी ते बाहेर येऊ देत नाही, मग पाणी शेजारच्या दगडातून वाट काढतं. चुना तेवढा समजूतदार, तो स्वतः झिजतो. केंद्राचं संरक्षित स्मारक असल्यामुळे इथे कोणी वाटेल ते भरू शकत नाही, हे देवळाचं नशीब.

महाशिवरात्रीला जत्रेची गर्दी, अभिषेकाची रांग. ती रात्र वद्य चतुर्दशीची, चंद्र पहाटेपर्यंत नसतोच. त्या रात्री भोकातून फक्त तारे. वर बघायला कोणाला फुरसत नसते.

गावात आलात तर आदिनाथाचं जुनं जैन मंदिरही चुकवू नये. त्याच घडणीचं, लहान, आणि जवळजवळ रिकामं.

कार्तिकातल्या रात्रीसाठी शेवटच्या दोन सूचना. नोव्हेंबरात कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला असतो. मध्यरात्रीनंतर परतताना उसाने भरलेले ट्रॅक्टर असतात, दोन-दोन ट्रॉल्यांचे, मागे दिवा नसलेले. गाडी सावकाश. आणि मंडपात बसताना गोल शिळेच्या पूर्वेला बसावं, तोंड गाभाऱ्याकडे करून. चंद्र माथ्यावर येण्याआधी पूर्वेला असतो, त्यामुळे चांदण्याचा गोल आधी पश्चिमेकडे, सभामंडपाच्या दाराच्या बाजूला पडतो. तिथून तो सरकत शिळेवर येतो. कडा थोडी धूसर असते, दहा फुटांमागे इंचभर, कारण चंद्राला स्वतःला रुंदी आहे. शिळेवर तो काही मिनिटं जेमतेम बसतो, आणि मग बसलेल्या माणसांच्या मांडीवर यायला लागतो.